लोरेम इप्सम पुसा

वेबसाइट बनवायला शिकवणारा जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रम ‘लोरेम इप्सम’पासून सुरू होतो. पानाचा आराखडा मांडायचा, मजकुराच्या जागी हे लॅटिनसारखं दिसणारं काहीतरी भरायचं, आणि रंग, समास, बटणं नीट बसली की धडा संपला. हा मजकूर मूळचा सिसेरोच्या इ.स.पू. ४५ मधल्या ग्रंथातला, मोडूनतोडून निरर्थक केलेला. छपाईच्या धंद्यात नमुन्यासाठी तो वापरत, तिथून संगणकावर आला. माझ्या वर्गात तो चालत नाही. पहिल्या दिवशी पहिलं पान करायचं ते मराठीत आणि खऱ्या मजकुराचं. वाचनालयातली पुस्तकांची यादी चालेल, बेदाण्याच्या सौद्यांचे वार चालतील, आजीच्या हातच्या पदार्थाची कृती चालेल. फक्त ते कुणाच्या तरी उपयोगाचं हवं.

यामागे भाषाप्रेम आहेच, ते लपवायचं काही कारण नाही. पण शिकवणारी म्हणून माझं कारण आणखी वेगळं आहे. इंग्रजी मजकूर वेबवर इतका सुरळीत चालतो की खाली यंत्र कसं काम करतं हे विद्यार्थ्याला कळायची वेळच येत नाही. मराठी मजकूर मात्र ठिकठिकाणी अडतो. अडला की आत डोकावून बघावं लागतं, आणि आत बघायची सवय लागल्याशिवाय हे काम कुणाला येत नाही. ओपन सोर्स साधनांवर माझा जीव आहे तो याच कारणाने. तिथे आत बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

मी सांगलीत राहून फ्रीलान्स काम करते. दवाखाने, शीतगृहं, शाळा, एखादी पतसंस्था असे माझे ग्राहक. लिनक्स, पीएचपी, मारियाडीबी, वर्डप्रेस, गिट ही माझी रोजची हत्यारं, आणि ती सगळी ओपन सोर्स. त्यातल्या वर्डप्रेसची जन्मकथा मी प्रत्येक तुकडीला सांगते. ‘बी-टू’ नावाचा एक ब्लॉग चालवायचा प्रोग्राम होता. त्याच्या कर्त्याने त्यावर काम करणं थांबवलं. पण त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता, म्हणून अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तो उचलला आणि २००३ मध्ये वर्डप्रेस म्हणून पुढे नेला. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. मायएसक्यूएल या डेटाबेसचंही तेच. कंपनीची मालकी बदलायची चिन्हं दिसली, तेव्हा मूळ कर्त्यानेच २००९ मध्ये मारियाडीबीची वेगळी चूल मांडली. कर्ता थकला, कंपनी विकली गेली, तरी वापरणाऱ्याचं काम अडलं नाही.

ही गोष्ट ग्राहकाला पटवायला मला फार बोलावं लागत नाही, कारण बहुतेकांना उलटा अनुभव आधीच आलेला असतो. एका शाळेची साइट कुठल्याशा बंदिस्त सेवेवर होती. वर्गणी भरायची राहिली आणि काही वर्षांचे फोटो, निकाल, सूचना हे सगळं बाहेर काढायची सोयच उरली नाही. मी काम हातात घेते तेव्हा डोमेन ग्राहकाच्या नावावर, सगळे पासवर्ड ग्राहकाच्या वहीत आणि कोडची प्रत त्याच्या पेनड्राइव्हवर देते. उद्या त्याला माझं काम आवडलं नाही, तर दुसऱ्या कुणाकडेही त्याला जाता आलं पाहिजे. बहुतेक जण जात नाहीत.

वर्ग संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर भरतो. एका कार्यालयाने मोडीत काढलेले संगणक आम्हाला मिळाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ संपलं आणि अकरावी आवृत्ती या यंत्रांवर चढत नव्हती. आम्ही त्यांच्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि ते बिनतक्रार चालतात. वर्गात डिप्लोमाची मुलं आहेत, बीकॉमची आहेत, मराठी घेऊन बीए करणारी एक मुलगी आहे आणि छापखान्यात अक्षरजुळणी करणारा एक तरुण आहे. शेवटच्या दोघांकडून मीही पुष्कळ शिकले.

पहिला धडा ‘नमस्कार’चा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. पीएचपीला लांबी विचारली तर ते २१ सांगतं. मुलं गोंधळतात. मग दुसऱ्या पद्धतीने विचारायला लावते, तर उत्तर ७. इथून पुढे तास आपोआप रंगतो. न, म, स, हलन्त, क, काना आणि र असे सात संकेत, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट, म्हणून एकवीस. इंग्रजी ‘हॅलो’ला ही सगळी उत्तरं पाचच येतात, त्यामुळे बाइट, संकेत आणि अक्षर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे इंग्रजीवर शिकणाऱ्याला जन्मात जाणवत नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात आणि मराठी एसएमएस ७० संकेतांतच का संपतो, हेही त्याच तासाला उलगडतं. पतसंस्थेचे मेसेज पाठवणाऱ्याला तर हे माहीत असायलाच हवं, कारण खर्च त्यावर ठरतो.

मग वाचनालयाची यादी घेतली. ग्रंथपाल काकांनी ती वर्षानुवर्षं निगुतीने टाइप करून ठेवली होती, पण युनिकोड ही सामाईक संकेतपद्धत रुळण्याआधीच्या एका फाँटमध्ये. आमच्या संगणकावर उघडली तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं, युनिकोडमध्येही देवनागरी तेव्हापासूनच आहे. तरी छपाईच्या व्यवहारात ज्याने त्याने आपापल्या फाँटची आपापली जुळणी केली आणि ती आपल्यापाशीच ठेवली. मराठीतला केवढा तरी मजकूर असा एकेका फाँटच्या दावणीला बांधला गेला. छापखान्यातल्या तरुणाला त्या फाँटच्या कळा पाठ होत्या. तो बोलत गेला, बाकीच्यांनी तक्ता मांडला: हे चिन्ह म्हणजे अर्धा स, हे म्हणजे नुसता काना, आणि पहिली वेलांटी इथे अक्षराच्या आधी लिहिलेली असते, ती उचलून नंतर ठेवायची. त्या तक्त्यावरून मुलांनी रूपांतराचा छोटा प्रोग्राम लिहिला. यादी मराठीत उमटली तेव्हा काका खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि पहिल्यापासून वाचू लागले. दोन चुका त्यांनी जागच्या जागी काढल्या.

यादीला शोधाची चौकट बसवली आणि खरी मौज तिथे सुरू झाली. नवीन पुस्तकांची नोंद दोघांनी वाटून केली होती, एकाने मोबाइलवर आणि दुसऱ्याने इन्स्क्रिप्ट कळफलकावर. बीएच्या मुलीने ‘दुसऱ्या’ हा शब्द टाकून शोधलं.

“ताई, शोधात येत नाहीये. पण पुस्तक तर खाली यादीत दिसतंय!”

“दोन्ही शब्दांचे संकेत छापून बघ.”

तिने छापले. एकीकडे सात, दुसरीकडे आठ. अक्षरं हुबेहूब तीच आणि संकेत वेगळे. एकाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त आणि ‘या’ जोडला होता. दुसऱ्याकडे साधा ‘र’ आणि हलन्त होता, आणि मध्ये पडद्यावर न दिसणारा एक जोडसंकेत. दोन्ही रीती शुद्ध आहेत, युनिकोडच्या ग्रंथातच त्या नोंदलेल्या आहेत, आणि तो ग्रंथ कुणालाही वाचायला मोकळा आहे. मी तिला ते प्रकरण वाचायला दिलं. इंग्रजी तिला जड जातं, म्हणून शेजारी डिप्लोमाचा मुलगा बसला. त्याला इंग्रजी येत होतं, पण ‘र’ चं हे रूप कुठे येतं आणि कुठे येत नाही हे तिला माहीत होतं. ‘आचार्य’ आणि ‘आचाऱ्याला’ यांतला फरक तिने फळ्यावर लिहून समजावला. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून एक छोटं फंक्शन लिहिलं. शोध सुरू होण्याआधी ते दोन्ही रूपं एक करतं. ‘ॲ’ची गतही तीच निघाली, कारण त्याचा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याआधीची ‘अ’वर चंद्र देण्याची सवय अजून चालू आहे. मग तेही त्याच फंक्शनमध्ये घातलं.

वेब डेव्हलपमेंट शिकणं म्हणजे माझ्या लेखी हेच. नवीन फ्रेमवर्कची नावं पाठ करणं दुय्यम आहे, ती पुढच्या वर्षी बदलतात. समोर काहीतरी चुकतंय, का चुकतंय ते आत जाऊन बघायचं, मूळ दस्तऐवज वाचायचा, दुरुस्ती करायची आणि ती दुसऱ्याला वापरता येईल अशी ठेवायची. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला त्याच्या संगणकावर एसएसएचने लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने पिच्छा सोडला नाही. ‘एक्सझेड’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स साधनात कुणीतरी पेरलेली चोरवाट त्यामुळे उघडकीस आली, ती सर्वत्र पसरायच्या आत. त्याला आत बघता आलं म्हणून ती सापडली. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की चिकाटी हीच, ती ‘दुसऱ्या’ या शब्दावर कमावता येते.

पुढे क्रमवारीचा प्रश्न आला. ‘क्ष’ने सुरू होणारी नावं यंत्राने ‘क’च्या गर्दीत घातली, काकांना ती ‘ह’च्या पुढे हवी होती. युनिकोडवाल्यांचंच सीएलडीआर नावाचं खुलं भांडार आहे. त्यात भाषागणिक क्रमवारी, महिन्यांची नावं, तारखा लिहायच्या पद्धती साठवलेल्या असतात. तिथली मराठीची क्रमवारी लावल्यावर ते सुटलं. फाँटसाठी आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता घेतला. तो खुल्या परवान्याखाली आहे, कुणीही वापरावा. पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा मराठी अशी नोंदवायची सक्ती मी करते. ज्या फाँटमध्ये आपल्या वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले असतात, तो ते त्या नोंदीवरूनच दाखवतो. मराठी साइटवर हिंदी वळणाचा ‘ल’ बघून हळहळणारे खूप भेटतात, पण ही एक ओळ लिहिणारे थोडे.

हे सगळं शिकायला इंग्रजी अडतं ही तक्रार खरी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने ओपन सोर्स साधनांचे छोटे छोटे ध्वनिचित्रधडे मराठीतही केले आहेत. मी ते नव्या मुलांना लावून देते आणि शेजारी साधन उघडं ठेवून तसंच करत जायला सांगते. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात. त्यात आमच्या बीएच्या मुलीची भर पडते आहे, आणि संगणकाच्या मराठीत तिची पकड माझ्यापेक्षा चांगली आहे. वाचनालयाला आता ‘कोहा’ या ग्रंथालयांसाठीच्या प्रोग्रामवर न्यायचा विचार चालला आहे. तो प्रोग्राम १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय ट्रस्टसाठी लिहिला गेला, २००० च्या जानेवारीत सुरू झाला आणि सगळ्या जगाला खुला करून दिला गेला. तिथल्या ग्रंथालयाची गरज भागवायला लिहिलेला कोड सांगलीतल्या काकांना कामी येतो, यात मला फार मोठी गोष्ट दिसते.

पण घेणाऱ्यांनी द्यायलाही हवं. ज्यांच्या कोडवर माझं घर चालतं, त्यातले अनेक जण तो रात्री जागून, बिनपगारी सांभाळतात. झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांना वर्षाला दहा लाख डॉलर द्यायचा निधी सुरू केला. आपल्या देशातून असं काही झालं याचा मला आनंद आहे. पैसे देणं प्रत्येकाला जमेलच असं नाही. चूक सापडली तर ती नीट नोंदवणं, दोन वाक्यं मराठीत आणणं, आपला तक्ता दुसऱ्यासाठी ठेवणं हे कुणालाही जमतं. आमचा रूपांतराचा प्रोग्राम आणि फाँटचा तो तक्ता आम्ही खुल्या परवान्याखाली ठेवले आहेत.

म्हणून कॉलेजांत आणि क्लासांत वेब शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. येत्या सत्रात लोरेम इप्सम काढून टाका आणि मुलांना गावातली एखादी खरी मराठी यादी द्या: वाचनालयाची, ग्रामपंचायतीची, बचतगटाची, देवस्थानच्या जुन्या वह्यांची. आणि तुमच्या घरी, दुकानात, संस्थेत जुन्या फाँटमध्ये अडकलेला मजकूर असेल, तर तो टाइप करणारी, त्या कळा पाठ असलेली माणसं आहेत तोवर युनिकोडमध्ये आणून घ्या.