ठिणगी कोणाच्या छपरावर पडली?

प्रतिपक्षाच्या प्रक्षोभक भाषणाला राजकीय पक्षाने उत्तर कसे द्यावे, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने होते. भाषेची पातळी घसरली, पूर्वीचे पुढारी किती सुसंस्कृत होते, आता काही खरे नाही, वगैरे. पूर्वीचे पुढारी सरसकट सुसंस्कृत बोलत असत, ह्यावर आचार्य अत्र्यांचा 'मराठा' थोडासा चाळलेल्या कोणाचाही विश्वास बसू नये. आम्ही हा प्रश्न नीतीकडून काढून घेऊन काही काळापुरता अलंकारशास्त्राकडे नेऊ इच्छितो. उत्तर देणे ही प्रथम एक भाषिक कृती आहे. आणि शब्दाचा अर्थ लावणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी ह्या बाबतीत मौन पाळून सारे काही निवडणूक-विश्लेषकांवर सोपवावे, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

2024 ह्या वर्षाने महाराष्ट्रात ह्या विषयाची जणू प्रयोगशाळाच उघडली. लोकसभेची निवडणूक वसंतात, विधानसभेची नोव्हेंबरात. पुढारी बहुतेक तेच, श्रोतेही तेच. परंतु प्रक्षोभाचे प्रकार दोन होते आणि उत्तरांचे यश-अपयशही वेगळे होते.

पहिला प्रकार 29 एप्रिलचा. पुण्याच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नाव न घेता शरद पवारांना उद्देशून 'भटकती आत्मा' हे शब्द वापरले. (हिंदीत आत्मा स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. आपल्या वृत्तपत्रांनी लिंगबदल न करता ती 'भटकती'च ठेवली, त्यामुळे हा शब्दप्रयोग मराठीत शेवटपर्यंत पाहुण्यासारखा वावरला. व्याकरणाच्या शिक्षकांनी ह्याची नोंद घ्यायला हरकत नाही.) अपमान उघड होता. ज्याची इच्छा अतृप्त राहिली आणि जो इतरांनाही सुखाने जगू देत नाही, अशा पिशाच्चाची प्रतिमा एका वयोवृद्ध राजकारण्यावर लादली गेली होती. ह्यावर पवारांच्या पक्षाला संतापाचा मार्ग मोकळा होता: निषेध, मोर्चे, पुतळादहन. पवारांनी स्वतः निवडलेला मार्ग निराळा. आपला आत्मा अस्वस्थ आहे हे त्यांनी मान्य केले. मात्र ही अस्वस्थता स्वतःसाठी नसून शेतकऱ्यांच्या दुःखासाठी आहे, असे सांगितले. पुढे जूनमध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पक्षाच्या वर्धापनदिनी त्यांनी त्याच शब्दाला आणखी एक पीळ दिला: आत्मा चिरंतन असतो, तेव्हा हा आत्मा तुम्हांला सोडणार नाही, अशा आशयाचा.

विद्यार्थ्यांना हा अलंकार ओळखीचा असेल. वक्त्याने एका अर्थाने योजलेला शब्द श्रोत्याने जाणूनबुजून दुसऱ्या अर्थाने घ्यावा आणि त्या अर्थाला धरून उत्तर द्यावे, ही रुद्रटाची वक्रोक्ती. कुंतकाने पुढे ह्या संज्ञेला साऱ्या काव्याचे जीवित करून टाकले, तो विस्तार आपण बाजूला ठेवू. येथे जुना, मर्यादित अर्थच कामाचा आहे. रुद्रटाने तिचे दोन प्रकार मानले, एक श्लेषावर आधारलेला आणि दुसरा काकूवर, म्हणजे स्वराच्या हेलकाव्यावर. पवारांच्या उत्तरात दोन्ही होते. 'भटकणे' ह्याचे 'अस्वस्थ असणे' झाले आणि पिशाच्चाचा आत्मा गीतेच्या आत्म्याजवळ जाऊन बसला. शब्द प्रतिपक्षाचाच राहिला, मालकी तेवढी बदलली. त्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने दहा जागा लढवून आठ जिंकल्या. हे यश वक्रोक्तीचे होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कांद्याची निर्यातबंदी आणि पक्षफुटीबद्दलची सहानुभूती ह्यांचा हिशेब कोणीही नाकारणार नाही. आमचा मुद्दा त्याहून लहान आहे. शब्द ज्याच्या अंगावर फेकला होता, त्यानेच तो झेलला. म्हणून त्याचा अर्थ बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. स्वतःच्या अपमानावर विनोद करणे हा ज्याचा त्याचा हक्क असतो.

आता नोव्हेंबर. 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी ऑगस्टमध्ये आग्र्याला, बांगलादेशातील घटनांचा संदर्भ देऊन दिली होती. विधानसभेच्या प्रचारात ती महाराष्ट्रात आली. पंतप्रधानांनी 'एक है तो सेफ है' अशी तिची सौम्य आवृत्ती दिली. पहिल्या घोषणेचे व्याकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. दोन क्रियापदे, एक यमक, आणि कर्ता गायब. कोण वाटला जाणार, कोण कापला जाणार, आणि मुख्य म्हणजे कापणारा कोण, ह्यांपैकी काहीही उच्चारलेले नाही. वाच्यार्थ धरला तर हे निव्वळ ऐक्याचे आवाहन. घोषणेचे समर्थक तेच सांगत आणि शब्दकोश त्यांच्या बाजूने साक्ष देई. सारा जहालपणा व्यंग्यार्थात होता, आणि व्यंग्यार्थ श्रोता स्वतःच्या मनात पुरा करतो. कापणाऱ्याचे नाव वक्त्याने घेतले नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरी घेतले. अशा वाक्यावर नोटीस बजावणे अवघड, कारण नोटीस अभिधेवर बजावता येते. व्यंजनेवर ती कशी बजावणार?

ह्याला विरोधकांची उत्तरे काय होती? काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांनी झारखंडातील प्रचारात 'डरोगे तो मरोगे' म्हटले. उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाच्या फलकांवर 'जुड़ेंगे तो जीतेंगे' झळकले. आशय उलटा, पण साचा तोच: तेच 'तो', तेच यमक, तोच भविष्यकाळ. विडंबनाचा एक जुना नियम येथे लागू पडतो. विडंबन कळायला मूळ कविता आठवावी लागते, आणि म्हणून प्रत्येक विडंबन मूळ कवितेची एक जादा प्रत छापत असते. खरगे यांच्या घोषणेत तर 'कटणे' जाऊन 'मरणे' आले, म्हणजे श्रोत्याच्या डोळ्यांपुढून मृत्यू काही हलला नाही.

18 नोव्हेंबरला, मतदानाला दोन दिवस असताना, राहुल गांधी यांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली. तेथे एक तिजोरी आणली होती. 'सेफ' ह्या शब्दाचा इंग्रजीतला दुसरा अर्थ प्रत्यक्ष वस्तूच्या रूपाने मांडून त्यांनी ती तिजोरी उघडली. आतून पंतप्रधान आणि गौतम अदानी यांचे एकत्र चित्र असलेले भित्तिपत्रक निघाले, त्यावर 'एक है तो सेफ है', आणि धारावीचा नकाशाही. श्लेषवक्रोक्तीचे इतके मूर्त उदाहरण आम्ही तरी पूर्वी पाहिले नव्हते. वर्गात दाखवण्याजोगे आहे. धारावीच्या पुनर्विकासाचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारण्याचा विरोधकांना अधिकार होता, ह्याबद्दलही शंका नाही. तरीही हे उत्तर आम्हांस चुकीचे वाटले, आणि त्याचे कारण निकालात नाही. (निकाल सर्वज्ञात आहे: महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना 288 पैकी 230 जागा. त्यात लाडक्या बहिणींना मिळालेल्या दरमहा 1500 रुपयांचा वाटा किती आणि घोषणांचा किती, हे मोजण्याचा तराजू आमच्यापाशी नाही.)

कारण असे, की हा शब्द राहुल गांधींच्या अंगावर फेकलेला नव्हताच. पुण्याच्या सभेत जो लक्ष्य होता तोच उत्तर देत होता. नोव्हेंबरातल्या घोषणेला दोन श्रोते होते आणि दोघेही व्यासपीठाच्या खाली होते. एक, ज्याच्या मनात भय पेरायचे होते तो. दुसरा, ज्याचे नाव न घेता ज्याला त्या भयाचे कारण ठरवले होते तो. श्लेषाने ह्या दोघांपैकी कोणालाच उत्तर दिले नाही. पहिल्याला कोणी सांगितले नाही, की बाबा, तुझी भीती अशा-अशा कारणाने निराधार आहे. दुसऱ्याला कोणी सांगितले नाही, की तू ह्या राज्याचा नागरिक आहेस आणि तुझ्या शेजारी आम्ही उभे आहोत. शब्दाचा खेळ दोन पुढाऱ्यांत रंगला आणि ज्याच्या छपरावर ठिणगी पडली होती तो प्रेक्षक होऊन पाहत राहिला. स्वतःवरचा वार वक्रोक्तीने परतवणे हे शहाणपण आहे. दुसऱ्यावरचा वार वक्रोक्तीने परतवणे हा आमच्या मते सभ्य भाषेतला पळ आहे.

ह्यावर प्रचाराचे जाणकार म्हणतील, प्रतिपक्षाच्या मैदानात उतरू नये; तो धर्माबद्दल बोलेल तर आपण भावाबद्दल बोलावे. ह्यात तथ्य आहे. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला 4892 रुपये होता, बाजारात त्याहून कमी मिळत होते, आणि विदर्भ-मराठवाड्यात तो विषय कोणत्याही घोषणेपेक्षा जवळचा होता. पण विषय बदलणे आणि उत्तर देणे ह्या दोन गोष्टी आहेत. सोयाबीनविषयी तासभर बोलून झाल्यावर अभिधेत एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? 'कापणार कोण, ते नाव घेऊन सांगा' एवढे म्हटले असते तरी गायब कर्ता उजेडात आला असता. व्यंजनेवर जगणाऱ्या वाक्याला सर्वांत मोठा धोका असतो तो असा सरळ प्रश्न विचारणाऱ्याचा. विनोद स्पष्ट करून सांगा म्हटले की विनोद मरतो, तसेच हे.

गंमत अशी, की ह्या सरळपणाच्या जवळपास जाणारे बोल सत्ताधारी आघाडीतूनच आले. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ही घोषणा शाहू-फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात चालणार नाही असे सांगितले. भाजपच्या पंकजा मुंडे आणि अशोक चव्हाण यांनीही तिच्यापासून अंतर राखले. प्रत्येकाची मतदारसंघीय गणिते होती, हे आम्ही जाणतो. पण गणितातून आलेले सरळ वाक्यही सरळच असते.

न्यायालयाचा मार्ग आहेच, असे कोणी म्हणेल. तो मार्ग महाराष्ट्रानेच देशाला दाखवला. विलेपार्ल्याच्या 1987च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू निवडून आले. त्यांच्या प्रचारातील बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवर पराभूत काँग्रेस उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी याचिका केली. उच्च न्यायालयाने 1989 मध्ये निवडणूक रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 रोजी ते कायम केले, आणि ठाकरे यांचा मताधिकार काढून घेण्याचा आदेश निघाला तो 1999 मध्ये. भाषणापासून शिक्षेपर्यंत एक तप उलटले. मधल्या काळात शिवसेना सत्तेवर आली होती. त्याहून बोलकी गोष्ट निकालपत्राच्या वाचनाची. ज्या निकालाने निवडणूक रद्द ठरवली, त्यातले लोकांच्या लक्षात राहिलेले वाक्य कोणते? हिंदुत्व ही जीवनपद्धती असल्याचे. जिंकलेल्या याचिकाकर्त्याला निकाल मिळाला आणि हरलेल्याला अवतरण. संहितेवर मालकी लेखकाची की वाचकाची, ह्या आपल्या वर्गातल्या जुन्या वादाला ह्याहून ठसठशीत दाखला कोठे मिळेल? कुंटे यांनी जे केले ते आवश्यकच होते. पण न्यायालयात गेलेल्या पक्षाने निकालाचा अर्थ लोकांत जाऊन सांगण्याचे काम केले नाही, आणि ते काम मग दुसऱ्यांनी केले.

येथे एक जुनी घटना आठवते, जिच्यात उत्तर शब्दांनी दिलेच गेले नाही. 30 नोव्हेंबर 1957 रोजी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला पंडित नेहरू आले. संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने जाहीर केली होती आणि समितीची त्या काळची भाषा निखाऱ्यासारखी होती. द्वैभाषिकाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी निदर्शने चिरडली नाहीत. पंतप्रधानांच्या वाटेवर लोकांना उभे राहू दिले. अत्र्यांच्या विशेषणांना तोडीस तोड विशेषणे शोधण्यात काँग्रेसला यश मिळालेही नसते. ती स्पर्धा अत्र्यांशी होती! पण त्या विशेषणांखाली एक खरी तक्रार होती, आणि ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसू देणे हेच त्या दिवसाचे उत्तर होते. 1 मे 1960 तेथून अडीच वर्षांवर होता. भेदही सांगायला हवा: अत्र्यांचा जाळ सत्ताधाऱ्यांवर, नाव घेऊन होता. मोरारजी देसाई किंवा स. का. पाटील ह्यांना आपले उत्तर आपण देता येत होते.

राहता राहिला स्वतःच्या घरचा प्रश्न, आणि खरे तर पक्षाच्या हाती निश्चितपणे असणारी गोष्ट ही एकच. त्याच नोव्हेंबरात सदाभाऊ खोत यांनी जतच्या सभेत शरद पवारांच्या चेहऱ्यावरून, म्हणजे आजाराने राहिलेल्या खुणेवरून, टवाळी केली. त्याच्या आगेमागे शिवसेनेच्या ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्याविषयी 'माल' हा शब्द वापरला. दोघांनीही पुढे दिलगिरीचे शब्द उच्चारले. पण सावंतांच्या बाबतीत त्यांच्याच बाजूने आधी ऐकू आले ते शब्दाच्या अर्थाचे खुलासे: माल म्हणजे बाहेरून आणलेला उमेदवार, त्यात स्त्रीचा अपमान नाही, इत्यादी. वाच्यार्थाच्या आड लपण्याची हीच ती युक्ती, जी 'बटेंगे'च्या समर्थकांनी वापरली होती. ज्या पक्षाला प्रतिपक्षाची व्यंजना ऐकू येते, त्याला आपल्या खासदाराची का ऐकू येऊ नये? खोत यांचा निषेध मात्र मित्रपक्षाचे असलेल्या अजित पवारांनी त्वरित आणि जाहीरपणे केला. त्यात शब्दाचा कोणताही खुलासा नव्हता.