कुत्रा असता तर ठेवला असता!

ज्या घरात पोरं आहेत, त्या घरात आज ना उद्या सदऱ्याच्या आत काहीतरी वळवळत घेऊन कुणीतरी येणार, हे ठरलेलंच आहे. कधी ते मांजराचं पिल्लू असतं, कधी पंख दुखावलेली साळुंकी, आणि बहुतेक वेळा कुत्र्याचं पिल्लू. आईबाप 'नाही' म्हणायला तोंड उघडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला दूध कोणत्या वाटीत घालायचं यावर वाद घालीत बसतात. दर आठवड्याला या पानावर मी इतरांच्या घरच्या गोष्टी सांगतो. आज दिवाळीचा अंक. तेव्हा आपल्याच घरची सांगतो. तीत माझी फारशी शोभा नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आम्ही नागोठण्याचे. पावसाळा किती झाला हे आम्हाला वर्तमानपत्रात पाहावं लागत नाही. अंबा नदीकडे पाहिलं की कळतं. एरवी जुन्या दगडी पुलाखालून गरीब गाईसारखी जाणारी ही नदी आषाढात एकदा तरी बाजारपेठेत डोकावून जाते. १९८९ च्या जुलैत हिनंच वर जांभूळपाड्यात हाहाकार उडवला होता. पाणी चढू लागलं की आमची आई अजून त्या रात्रीची गोष्ट सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात असंच पाणी चढलं आणि तिसऱ्या दिवशी उतरलं. मागे उरला तो चिखल, आणि आमच्या पडवीत एक गोणपाट. गोणपाटात माझी थोरली लेक, वय वर्षं अकरा. धाकटे चिरंजीव, वय वर्षं सहा. आणि त्या दोघांच्या मध्ये ओल्या बोळ्यासारखं एक तांबूस पिल्लू. डोळे उघडलेले, म्हणजे दोन आठवड्यांहून मोठं. दात नुकते टोचू लागलेले, म्हणजे महिन्याच्या आसपासचं. करवंटीतलं दूध पिता पिता ते त्यातच बसलं, आणि सारं घर हसलं.

मीही हसलो. मग पिल्लू उचलून उलटं करून पाहिलं आणि म्हणालो, "अरे, ही कुत्री आहे! कुत्रा असता तर ठेवला असता."

अशी वाक्यं आपण विचार करून बोलत नसतो. माझ्या वडिलांनी ते म्हटलं होतं, शेजारी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. पण थोरलीनं पिल्लावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"म्हणजे ती मुलगी आहे म्हणून?"

आई तांदूळ निवडीत होती, तिचा हात थांबला. मी मदतीसाठी सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? प्रश्न तुम्हाला विचारलाय."

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर न सुचलेला बाप जे करतो तेच मी केलं, मुदत दिली. "आठ दिवस राहू दे. तोवर कुणी नेते का बघू. नाहीतर पुलापलीकडे सोडून येऊ." पोरांनी तिचं नाव 'अंबी' ठेवलं. नाव ठेवलेलं जनावर सोडून देणं किती कठीण, हे त्यांना माझ्याआधी कळलं असावं.

पाचव्या दिवशी रात्री जेवताना धाकटा डाव्या हातानं जेवू लागला. आईनं डोळे वटारले. "उजवा हात कुठाय?" हात पाठीमागे. ओढून पुढे घेतला, तर अंगठ्याजवळ दोन लहानशी भोकं आणि सुकलेलं रक्त. दुपारी खेळताना अंबीचा दात लागला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

त्याचे ओठ थरथरू लागले. "सांगितलं असतं तर तुम्ही तिला पुलापलीकडे सोडलं असतंत."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला, तो कुत्रीमुळे नव्हे, माझ्या मुदतीमुळे. पिसाळाचा रोग एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि उमटण्यापूर्वी लस मिळाली तर तो टाळता येतो. मधला वेळ हाच काय तो आपला. आणि तो वेळ माझ्या मुलानं माझ्या भीतीनं गप्प बसून घालवला होता.

आई हळद आणायला उठली. मी तिला थांबवलं. असल्या जखमेवर हळद, चुना, मिरची काही लावायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. आम्ही धुतली. धाकटा रडत होता, थोरली घड्याळ बघून मिनिटं मोजीत होती. मग डॉक्टरांकडे निघालो. आईला वेगळीच धास्ती: "पोटात चौदा इंजेक्शनं! एवढ्याशा जिवाला!" तिच्या लहानपणी तसंच होतं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ अखेरपर्यंत होती. आता तसं नाही. दंडात चार खेपांना टोचतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेभोवती आणखी एक औषध टोचलं, ते मात्र झोंबलं. डॉक्टरांनी धाकट्याला गोष्ट सांगितली की १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ही लस पहिल्यांदा टोचली ती जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला, आणि तो वाचला. "मी तर सहाचाच आहे," असं म्हणून आमच्या वीरानं दुसरा दंड पुढे केला.

निघताना डॉक्टर मला म्हणाले, "आणि हो, पिल्लाला हाकलू नका. दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. धडधाकट राहिलं पाहिजे."

म्हणजे माझी आठ दिवसांची मुदत डॉक्टरांनीच मोडीत काढली. दहा दिवस सगळं घर अंबीकडे टक लावून होतं. ती खाते का, पाणी पिते का, लाळ गाळते का. ज्या जिवाकडे दहा दिवस असं पाहिलं, त्याला अकराव्या दिवशी गोणपाटात घालून पुलापलीकडे कसं सोडणार? अकराव्या दिवशी मी पोरांना समोर बसवलं आणि म्हणालो, "अंबी राहणार. ती चावली, तिनं चप्पल फाडली, काहीही केलं, तरी राहणार. पण जे होईल ते त्याच वेळी मला सांगायचं." धाकट्यानं लगेच सांगितलं की माझी एक चप्पल दोन दिवसांपासून माडाखाली पुरलेली आहे.

थोरलीचा प्रश्न अजून उरला होता. तिला मी जे खरं होतं ते सांगितलं. कुत्री सुमारे ६३ दिवसांत विते, एका वेळी चार-सहा पिल्लं देते आणि वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. पिल्लांचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून लोक मादीच घरात घेत नाहीत. "पण मग तिच्यावर उपाय नाही का?" उपाय होता. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन एक लहानशी शस्त्रक्रिया करून आणायची, एवढंच. त्या एका दिवसाचा कंटाळा म्हणून किती माद्या पुलापलीकडे जातात! जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि पाळलेल्या कुत्र्याची लस व शस्त्रक्रिया ही मालकाची जबाबदारी, असं २०२३ चे नियम सांगतात. मला ते नियम अकरा वर्षांच्या मुलीनं शिकवले.

तीन महिन्यांची झाल्यावर अंबीला लस टोचली. ती टोचून घेताना धाकटा तिला धीर देत होता, "दंड ढिला सोड." त्या आश्विनात आणखी एक गंमत झाली. धाकट्याचा पुढचा दात पडला, आणि चारच दिवसांनी पडवीत तांदळाएवढा एक दात सापडला, तो अंबीचा. पिल्लांना दुधाचे दात अठ्ठावीस, ते चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि मग बेचाळीस येतात. "तिला माझ्यापेक्षा दहा जास्त?" याचं धाकट्याला वाईट वाटलं. तरी दोघांचे दात त्यानं एकाच वेळी कौलांवर फेकले.

मग दिवाळी आली. पहिल्या माळेला अंबी जी मोरीत शिरली, ती फराळाला हाक मारली तरी बाहेर येईना. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला जी मौज, ती तिला काय वाटत असेल! पोरांनी त्या वर्षी फुलबाज्यांवर भागवलं. मी सांगितलं नव्हतं. आईनं मात्र प्रेमानं तिला बेसनाचा लाडू देऊ केला, तो थोरलीनं हातातून काढून घेतला. त्यात बेदाणे होते, आणि बेदाणे, चॉकलेट, कांदा या गोष्टी कुत्र्याला बाधतात.

पौषात शस्त्रक्रिया झाली. आठ-दहा दिवस अंबी आईच्या खोलीत, आईच्याच जुन्या लुगड्यावर निजली. "कुत्री घरात नको" असं आई कधी म्हणत होती का, हे आता तिलाही आठवत नाही.

नेपाळात दिवाळीतल्या एका दिवशी कुत्र्यांना हार घालून, टिळा लावून गोडधोड देतात. थोरलीनं ते कुठेतरी वाचलं. आपल्याकडे वसुबारसेला गाय-वासराची पूजा आहे, मग अंबीनं काय घोडं मारलंय, असा तिचा सवाल. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला आईनं ओवाळण्याचं ताट घेतलं, धाकट्याला ओवाळलं, आणि जाता जाता अंबीच्या कपाळाला बोट लावलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

परवा आळीतले एक गृहस्थ आले. नातवासाठी पिल्लू हवं होतं. कुठे आढळलं तर सांगा म्हणाले. "पण बघा हं, कुत्राच पाहिजे."

मी काही बोलणार, तोच थोरली आतून बाहेर आली. अंबी तिच्या पायाशी.

"का हो काका?" तिनं विचारलं.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझ्याकडे काय बघता? प्रश्न तुम्हाला विचारलाय."