तोंडावर ताबा!

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन येतो आणि एखाद्या जाड बाईच्या पानाशी पोचताच शेजारची मावशी म्हणते, "राहू दे हो, ती डाएटवर आहे!" पंगत हसते, तीही हसते. या हसण्यामागे एक पक्का समज आहे: लठ्ठपणा म्हणजे तोंडावर ताबा नसणे, आणि चार शब्द सुनावले की ताबा येतो.

आधी ताब्याचे बघू. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. सदसद्विवेकापोटी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही मंडळी, म्हणजे निर्धाराची वानवा नव्हती. वजन चतुर्थांशाने उतरले, पण माणसे खिन्न आणि चिडकी झाली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटल्या चाटू लागली. बंधन सुटल्यावर काहीजण पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले. ही खा-खा उपासमारीने लावलेली होती. पुढे १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूला लेप्टिनचा शोध लागला आणि यातला एक धागा हाती आला: चरबी घटली की हे संप्रेरक घटते आणि मेंदू भूक वाढवतो.

याचे दुसरे टोकही मला मान्य नाही. 'जाड माणूस आतून दुःखीच असतो' हे म्हणणे दयाळू वाटते, पण तेही शेरा मारणेच. आनुवंशिकता, अपुरी झोप, काही मानसोपचाराची औषधे यांनीही वजन वाढते. मात्र दुःखाचे आणि वजनाचे नाते आहे, आणि ते दुहेरी आहे. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना लठ्ठपणाचा धोका ५८ टक्क्यांनी जास्त आढळला. सॅन डिएगोत व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात तर वजन छान उतरत असलेलेच रुग्ण उपचार सोडून जात. विचारपूस केल्यावर त्यांच्यातल्या अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. काहींना ती चरबी चिलखतासारखी वाटे.

राहिले चार शब्द. पंगतीतून जिलेबीविना उठलेली ती बाई रात्री अकराला ओट्याशी उभी राहून डब्यातली शेव खाते. ताटात वाढून घेत नाही. वाढून घेतले की ते खाणे हिशेबात धरावे लागते. आवर न घालता येणारे असे खाणे वारंवार घडू लागले तर तो विकार ठरतो. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान आहे, आणि लाजेपोटी एकट्याने खाणे हे त्याच्या लक्षणांत नोंदलेले आहे. मावशींचा टोमणा नेमकी तीच लाज वाढवतो.

मग खाण्याला मोकळे रान द्यायचे का? मुळीच नाही, मधुमेह आणि गुडघे कुणाची गय करत नाहीत. पण डाएटचा कागद हाती देण्याआधी झोप, औषधे, घरातले ताण आणि मनावरचे ओझे यांची चौकशी व्हायला हवी. ओपीडीत एवढा वेळ कुणाला, असे डॉक्टर म्हणतील. काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचायला आणि वर दोन वाक्ये ऐकवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात निदान "झोप नीट लागते का?" एवढे तरी विचारून होते.