जुगाडाचे स्तोत्र पुरे!

पौष-माघाच्या थंडीत रविवारी सकाळी जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावर जुन्या मोटारसायकलींचे तांडे अलीकडे दिसू लागले आहेत. बदनापुरास चहासाठी ते थांबतात, बुलेट, येझदी, राजदूत ह्यांच्या टाक्यांवरून प्रेमाने हात फिरविले जातात, छायाचित्रे निघतात आणि तांडा पुढे जातो. पावसाळ्यात निराळी छायाचित्रे आपल्यापुढे येतात. कोणी सायकलीस डबे बांधून ती पाण्यावर चालविलेली असते, कोणी भंगारातून जीपगाडी उभी केलेली असते. दोन्ही प्रसंगी सर्वांच्या ओठी शब्द एकच: 'जुगाड'. हिंदीतून आलेला हा शब्द आता आमच्या सुशिक्षितांनी देव्हाऱ्यात नेऊन बसविला आहे. साधनांवाचून काम भागविणे हीच आपली राष्ट्रीय प्रतिभा, असे व्यासपीठावरून सांगण्यात येते आणि श्रोते टाळ्या पिटतात. आमची तक्रार ह्या टाळ्यांविरुद्ध आहे. घरी यंत्र घडविणाऱ्या माणसाविषयी आम्हांस आदर आहे. त्याचे आज जे कौतुक चालले आहे ते मात्र फुकटचे आहे, आणि फुकटचे म्हणूनच घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हौशी स्वारांची गोष्ट घेऊ. हौस निंद्य नव्हे. मद्रासेस १९५५ पासून जुळू लागलेली बुलेट ऐन थंडीत सुरू करणे हा एक संस्कारच आहे. रात्रभर गारठून इंजिनातील तेल घट्ट झालेले असते. चोक ओढावा, किक हळूहळू दाबीत अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आणावा, दाब सोडणारी लहान कळ धरून दट्ट्या किंचित पुढे सरकवावा, आणि मग कळ सोडून अंगाच्या पूर्ण भाराने किक मारावी. घाई केली तर किक उलटते आणि पायास प्रसाद मिळतो. यंत्राशी इतका निकटचा परिचय होणे ही चांगलीच गोष्ट होय. पण म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडल्यावर त्याच्या गाड्या चालत्या ठेवल्या कोणी? लेथवर बुश कातून देणाऱ्या, भंगारातला भाग घासूनपुसून नेमका बसविणाऱ्या गल्लीतल्या मिस्त्रीने. त्याच्या हातची विद्या कोणी लिहून घेतली आहे काय? गाडीस वारसा म्हणावयाचे आणि तिला जिवंत ठेवणाऱ्या विद्येस जुगाड म्हणून मोकळे व्हावयाचे, ही रसिकता अर्धवट आहे. ह्याच बुलेटच्या जोरावर गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी ह्यांनी १९९४ साली शेतात मशागत करणारे यंत्र सिद्ध केले. बुलेटच्या आवाजावर लट्टू असणाऱ्यांपैकी कितीजणांस हे ठाऊक असेल?

आता जमिनीवर आणि पाण्यात अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या, म्हणजे उभयचर वाहनांकडे वळू. अशा यांत्रिक वाहनाची पहिली प्रसिद्ध कथा १८०५ सालची आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या ऑलिव्हर इव्हान्सने गोदीतला गाळ उपसण्यासाठी वाफेच्या इंजिनाची नाव बांधली. कारखाना नदीपासून दूर होता, म्हणून नावेलाच चाके लावून ती रस्त्यांवरून नदीपर्यंत नेली, असे त्याने लिहून ठेवले. ती खरोखर कितपत चालली ह्याविषयी जाणत्यांत वाद आहे. पण वाद घालता येतो तो लेखी पुरावा हाती आहे म्हणून. गिरण्यांच्या बांधणीवरचा त्याचा ग्रंथ १७९५ सालीच निघाला होता, आणि अमेरिकेने दिलेल्या पहिल्या तीन पेटंटांपैकी एक त्याचे होते.

ह्याच्या शेजारी बिहारमधील मोतीहारीचे महंमद सैदुल्ला ह्यांना उभे करा. १९७५ च्या पुरात पैशाअभावी नावाडी पलीकडे नेईना, तेव्हा त्यांनी सायकलीस हवा भरलेले चार तरंगे लावले, मागच्या चाकाच्या आऱ्यांना पाती बसविली आणि पुढे पाटण्यास गंगा पार केली. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम ह्यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. गौरव यथायोग्यच होता; परंतु तो होण्यास तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत त्यांच्या तरंग्यांचे मोजमाप घेऊन ते अधिक हलके, अधिक भरवशाचे करण्यासाठी किती महाविद्यालयांनी हात लावला? पुढच्या पुरांत किती गावांस तशी सायकल मिळाली?

ह्यावर पूर्वपक्ष असा करण्यात येईल की, गरज हीच शोधाची जननी आहे. अभाव आहे म्हणून प्रतिभा आहे. ह्या सुभाषिताची परीक्षा दूर जाऊन करावयास नको. गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथली मुले जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी ओलांडून शाळेस जाण्यासाठी थर्माकोलच्या तुकड्यांवर बसत, ही वार्ता २०२३ साली देशभर गाजली. गरज तेथे कमी होती काय? त्या जननीच्या पोटी होडी जन्मास आली नाही, थर्माकोलचा तुकडा आला! सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. नुसती गरज यंत्र देत नाही. गरजेबरोबर हत्यारे, मोजमाप, भांडवल आणि चुका करण्यापुरती सवड लागते. आणि जेथे पुलाचीच गरज आहे तेथे तरंगत्या सायकलीचे कौतुक करणे म्हणजे पूल न बांधणाऱ्याची सोय करणे होय.

दुसरा पक्ष कायदेपंडितांचा. ते म्हणतील, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीत लिहिल्याहून वाहनात मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. असली वाहने रस्त्यावर नकोतच. ह्यात तथ्य आहे. ज्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा झालेली नाही ती शेजाऱ्याच्या मुलाच्या अंगावर जाऊ शकते. पण परीक्षा हवी म्हणणाऱ्याने परीक्षेचे दारही दाखविले पाहिजे. देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार ह्यांनी भंगारातून घडविलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप २०२१ च्या अखेरीस गाजली. महिंद्र उद्योगसमूहाने ती घेऊन त्यांना नवी बोलेरो दिली. कुटुंबास गाडी मिळाली, हे उत्तम झाले. मात्र कारागिरास कारखाना मिळाला असता तर ते अधिक उत्तम झाले असते.

हे बोलणे हवेतले नाही. देवराष्ट्र्यापासून किर्लोस्करवाडी फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ केला. १९०३ साली त्यांचा लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. बेळगावातली जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला. औंधकरांनी शाल-श्रीफळ देऊन लक्ष्मणरावांची बोळवण केली असती, तर महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा इतिहास वेगळा झाला असता.

आमच्या बदनापुरापुरते बोलावयाचे तर उत्तर गावातच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र येथे आहे. तुरीच्या बीडीएन-२, बीडीएन-७११ ह्या वाणांच्या नावांत आमच्या गावाचीच अक्षरे आहेत. वाण चांगला दिसला म्हणून तेथे कोणी टाळ्या वाजवीत नाही. तो हंगामोहंगाम निरनिराळ्या रानांत पेरतात, उतारा तोलतात, मर आणि वांझ रोगाची नोंद ठेवतात, आणि मग त्यास नाव देतात. बियाण्यास जो मान आपण देतो तो शेतकऱ्याच्या यंत्रास का देऊ नये?

म्हणून आमचे मागणे असे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा आठवड्यातून एक दिवस गावच्या मिस्त्रीस खुल्या कराव्यात. जे यंत्र तेथे येईल त्याचे वजन, ब्रेक, तरंगण्याची शक्ती मोजून त्याचा नकाशा सोप्या मराठीत छापावा, म्हणजे दुसऱ्यास मुळापासून आरंभ करावा लागणार नाही. परीक्षेपुरता, ठरलेल्या हद्दीत व मंद वेगाने चालविण्याचा तात्पुरता परवाना कायद्याने द्यावा. आणि आमच्या महाविद्यालयांनी ह्या कामास कमी प्रतीचे समजू नये. दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून पाणी तरण्याचे जे साधन करीत त्यास आपले पूर्वज सांगड म्हणत. 'सांगड घालणे' हा शब्दप्रयोग आपण वर्गात रोज करतो. मिस्त्रीचा हात आणि प्राध्यापकाची मोजपट्टी ह्यांची सांगड घालण्याचे काम मात्र अजून व्हावयाचे आहे. ते हाती घेईपर्यंत टाळ्या आवरून धराव्यात.