लाल तेलाचा हिशोब
स्टेपनी / वाटसरू

गेल्या रविवारी पहाटे साडेपाचला मी माझ्या गाडीखाली आडवा पडलो होतो. शेजारचे आप्पा फिरायला निघाले होते, ते थांबून वाकले आणि म्हणाले, "पंक्चर का हो?"

पंक्चर काढायला कुणी गाडीखाली शिरत नाही, हे आप्पांनाही ठाऊक आहे. पण पांढरपेशा माणसाने स्वतःच्या गाडीखाली शिरायला आपल्याकडे दुसरं कारणच सुचत नाही. मी म्हटलं, "गिअरबॉक्सचं तेल बदलतोय." आप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुमची तर ऑटोमॅटिक ना? तिला तेल असतं?"

असतं. खरं तर तिला जितकं तेल लागतं तितकं साध्या गिअरच्या गाडीला कधीच लागत नाही. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम वंगणाचं, म्हणजे बैलगाडीच्या आसाला जे लावतो त्याचंच सुधारलेलं रूप. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र गाडी ओढतं ते तेलच. ताक घुसळताना रवीबरोबर अख्खं ताक गरगरायला लागतं, हे आपण पाहिलेलं असतं. त्याच भांड्यात दुसरी रवी सैल सोडली तर तीही फिरू लागेल. इंजिनाची रवी एक, चाकांकडे जाणारी दुसरी, आणि दोघींमध्ये तेल. तेच तेल दाबाखाली आतले क्लच पकडतं आणि सोडतं, गिअर बदलतं, उष्णता वाहून नेतं आणि उरल्या वेळात वंगणही करतं. एवढं राबवून घेतल्यावर ते कधीच थकणार नाही असं समजणं हा निव्वळ आशावाद झाला.

कंपन्या मात्र नेमकं तेच सांगतात. ही गाडी मी जुनी, नाशिकहून घेतली. पहिल्याच सर्व्हिसिंगला काउंटरवरच्या मुलाला गिअरबॉक्सच्या तेलाचं विचारलं. त्याने संगणकात पाहिलं आणि हसून सांगितलं, "सर, लाइफटाइम फिल आहे. बदलायची गरजच नाही." मी विचारलं, लाइफटाइम कुणाचा? माझा, गाडीचा, की गिअरबॉक्सचा? कारण गिअरबॉक्सचा असेल तर या वाक्याला काही अर्थच नाही. तेल संपलं की गिअरबॉक्स संपतो आणि गिअरबॉक्स संपला की तेलाचा लाइफटाइम संपतो, म्हणजे दावा नेहमीच खरा. मुलगा बिचारा पुन्हा हसला. त्याचा यात काय दोष.

गाडीबरोबरचं पुस्तक जरा जास्त प्रामाणिक असतं, पण बारीक अक्षरात. देखभालीच्या तक्त्यात बहुतेक पुस्तकांत दोन प्रकार असतात, सर्वसाधारण वापर आणि खडतर वापर. खडतर म्हणजे काय, तर डोंगरी रस्ते, धूळ, कडक ऊन, भरलेली गाडी, गर्दीत रांगत चालणं. ही यादी वाचताना मला वाटलं, कुणीतरी नंदुरबार जिल्ह्याचं गॅझेटियरच समोर ठेवून लिहिली असावी. तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैली घाट. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ गाठायचं तर तापीच्या सपाटीवरून समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरवर चढायचं. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली की तापीच्या पुलाकडे मुंगीच्या पावलाने सरकायचं. मे महिन्यात पारा ४३ च्या वर. धुळीचं तर बोलायलाच नको. ज्या वापरासाठी ते 'लाइफटाइम' ठरवलं तो वापर एमएच-३९ च्या पाटीला कधी मिळालेलाच नाही.

आता पहाटे साडेपाचचं. ती काही हौस नव्हती. पूर्वी या गिअरबॉक्सना गेजची काडी असायची. काडी ओढा, पुसा, बुडवा, तेल किती ते बघा, रंग बघा, वास घ्या. निरोगी तेल सरबतासारखं लाल असतं. थकलं की तपकिरी होतं, जळलं की काळं आणि करपलेल्या फोडणीच्या वासाचं. नव्या गाड्यांतून ही काडी हळूहळू गायब झाली. आता बऱ्याच गिअरबॉक्सना कुशीत एक छोटा नट असतो. इंजिन चालू ठेवायचं, गिअरचा दांडा सगळ्या जागी एकदा फिरवून आणायचा, तेल ठरावीक तापमानाला आलं की तो नट उघडायचा. तेलाची बारीक धार लागून ती थेंबांवर आली की माप बरोबर. हे ठरावीक तापमान प्रत्येक गिअरबॉक्सचं वेगळं असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते ४० अंशांच्या आसपास असतं. तेल तापलं की फुगतं, म्हणून ही अट.

४० अंश. जपानात किंवा जर्मनीत बसून हा आकडा लिहिणाऱ्या अभियंत्याच्या डोक्यात थंड गॅरेज असणार, जिथे गाडी हळूहळू गरम होत ४० पर्यंत येते. वैशाखात नंदुरबारला दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली गाडी चालू न करताच त्याच्या पुढे गेलेली असते. तेव्हा माप घ्याल तर फुगलेल्या तेलाचं घ्याल, आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी. म्हणून एक तर हे काम पौषात करा, नाही तर माझ्यासारखं पहाटे उठा. आमच्या शहाद्याच्या मिस्तरीला हे सांगितलं तर तो म्हणाला, "नाना, इथं दुपारी टायरातली हवासुद्धा तपासत नाही आम्ही." तो ऑटोमॅटिकच्या शाळेत गेलेला नाही, पण उन्हाच्या शाळेत त्याचा पहिला नंबर आहे.

काम तसं अवघड नाही, खबरदारीचं आहे. गाडी सपाट जागी हवी, आणि जॅकवर उचलली तर घोड्यांवर टेकवूनच खाली शिरायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा माणूस पुढच्या रविवारी हा स्तंभ वाचायला असेलच असं नाही. दुसरं, आधी भरायचं तोंड उघडतंय का ते बघायचं आणि मगच निचऱ्याचा नट सोडायचा. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीचं तेल काढून मोकळा झालो आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला. ती गाडी नंतर टेम्पोवर बसून धुळ्याला गेली. तिसरं, जेवढं निघालं तेवढं मोजून घ्यायचं, कारण तेवढंच परत भरायचं आहे.

आणि निघतं ते सगळं निघत नाही. माझ्या गिअरबॉक्समध्ये सात लिटर बसतं, नटातून आलं साडेतीन. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात आणि थंड करणाऱ्या नळ्यांत अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं तर तेल आठ आणे नवं. महिना-दोन महिने गाडी चालवून पुन्हा बदललं तर बारा आणे. तिसऱ्यांदा चौदा आणे. सोळा आणे कधीच नाही, आणि त्याची गरजही नाही. मशीन लावून दाबाने सगळं धुऊन काढण्याचा आग्रह काही वर्कशॉप धरतात. जुन्या, कधी न हात लावलेल्या गिअरबॉक्सवर मी तो प्रयोग करणार नाही. आठ-आठ आण्यांनी मला पुरतं.

'नवं तेल टाकलं की जुना गिअरबॉक्स बसतो' ही दंतकथा इथे प्रत्येक टपरीवर ऐकू येते. तिच्यात तथ्य एवढंच, की गिअर सुटायला लागले, गाडी घाटात नुसतीच घुमायला लागली, म्हणजे आतले क्लच झिजून गेले, की मग मालकाला तेलाची आठवण होते. शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल घातलं आणि माणूस गेला, म्हणून तो गंगाजलाने गेला असं कुणी म्हणत नाही. निचऱ्याच्या नटावर किंवा चेंबरमध्ये लोहचुंबक असतं. त्यावर राखेसारखी करडी पेस्ट असेल तर ती झीज रोजची. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर तेलाचे पैसे वाचवा, दुसऱ्या कामाला लागतील.

या तेलाचा इतिहासही मोठा चमत्कारिक आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रा-मॅटिक' बाजारात आणला आणि मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत अशा तेलात देवमाशाचं, स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत, कारण क्लच नेमका किती घसरावा आणि किती धरावा हे त्याने छान साधायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने या माशाच्या तेलावर बंदी घातली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधायला पळावं लागलं. आज डब्यावर जे वेगवेगळ्या नावांचं, वेगवेगळ्या दर्जाचं जंगल दिसतं त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, घसरण किती आणि पकड किती. म्हणून 'लाल आहे ना, मग चालेल' हे चालत नाही.

इथे आप्पांचा प्रश्न वेगळ्या अर्थाने बरोबर ठरतो. आपल्याकडे ज्याला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात ती एक जात नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि स्वस्तातली एएमटी घरोघरी गेली. एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायाऐवजी यंत्र बसवलेलं असतं. तिला लाल तेल नको, साधं गिअर ऑइल हवं, आणि त्या यंत्राचं तेल निराळं. सीव्हीटीत पट्टा असतो, त्याला त्याचंच तेल लागतं, भलतं घातलं तर पट्ट्याची पकड जाते. दोन क्लचवाल्या डीसीटीचा संसार आणखी वेगळा. तळोद्याचा एक ओळखीचा मुलगा मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ पाहून लाल तेलाचे चार डबे घेऊन माझ्याकडे आला होता. गाडी एएमटी. वेळेत आला म्हणून गिअरबॉक्स वाचला, डबे मी घेतले.

माझ्या गाडीचं तेल मात्र जिल्ह्यात मिळालं नाही. सुरतेहून एका परिचिताने रेल्वेने आणलं, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्रातल्या आणि अर्ध्या गुजरातेतल्या नवापूर स्टेशनावरून दोन राज्यांची सरहद्द ओलांडत ते आलं. माझ्या कंपनीचं वर्कशॉपही तिकडेच. आणि मूळ दुखणं इथे आहे. मला पाना चालवता येतो, पहाटे उठता येतं. मला हव्या होत्या फक्त तीन गोष्टी: तेलाचा दर्जा, माप आणि तापमान. पुस्तकात तिन्ही नव्हत्या. वर्कशॉपमध्ये त्या होत्या, पण 'कस्टमरला देत नाही' असं उत्तर मिळालं. शेवटी दोन रात्री परदेशी दुरुस्ती-पुस्तिका चाळून मी त्या शोधल्या.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो याच स्वभावासाठी. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक पुस्तिका स्वतंत्र गॅरेजांपासून दूर ठेवल्याचा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तर मतदारांनी २०१२ मध्ये मतपेटीतूनच मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर करून घेतला. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीअवजारांबरोबर मोटारीही त्यात धरल्या, डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. चांगलं आहे. माझी मागणी त्याहून फार लहान आहे. पोर्टल नको, पुस्तकात तीन ओळी छापा. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्या नसल्या तरी चालतील, त्याचं वर्कशॉप दोन सिग्नलवर आहे. अक्कलकुव्याच्या डॉक्टरला आणि धडगावच्या शिक्षकाला त्या लागतील.

निघालेलं तेल ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे काळं तेल वाया जात नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांना लागतं, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या खांबांना लागतं. मीही लहानपणी गोठ्याच्या मेढींना ते फासलं आहे. पण २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करण्याची जबाबदारीही आली आहे. नाल्यात तर मुळीच ओतू नये. मी ते कॅनमध्ये भरून मिस्तरीकडे देतो, तो ड्रममध्ये साठवतो, गोळा करणारी गाडी आली की जातं.

सात वाजता आप्पा फेरी मारून परतले तेव्हा मी हात पुसत होतो. त्यांच्याबरोबर नातू होता. त्याने कॅनमध्ये वाकून पाहिलं आणि ओरडला, "आप्पा, हाई तं काळं से!" मी त्याला नव्या डब्याच्या तळाशी उरलेलं लाल दाखवलं. आप्पांनी दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं, काही न बोलता घरी गेले आणि पाच मिनिटांत स्वतःच्या गाडीचं पुस्तक घेऊन आले. त्यांच्या मुलाने गेल्या दिवाळीत घेऊन दिलेली गाडी, तीही ऑटोमॅटिक. आम्ही ओट्यावर बसून पानं उलटली. फोन ब्लूटूथला कसा जोडायचा याला अकरा पानं होती. गिअरबॉक्सच्या तेलासमोर एकच ओळ होती, 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.'

"अधिकृत म्हणजे तुमचाच ना, सुरतवाला?" आप्पांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुमचा नाशिकला आहे."