कमळ मोडायच्या आधी

शहापूरला मामांची केळीची बाग आहे. बाग निसवली असं कळलं तसा मी बुऱ्हाणपुराहून कॅमेरा घेऊन निघालो. मामांना नवल वाटलं. "घड भरू दे की. आत्ता काय आहे तिथं?"

तिथं कमळ होतं. पुस्तकातलं केळफूल आमच्याकडे बागेत आलं की कमळ होतं. जांभळट तांबडं पातं वर वळतं आणि खाली फिकट पिवळ्या फुलांच्या दोन ओळी दिसतात, शेजारी शेजारी, दाटीवाटीनं. बोट लावलं तर चिकट, जिभेला गोड. रानकेळीचं हे फूल तिन्हीसांजेला वटवाघळांसाठी उघडतं. आमच्या बिनबियांच्या केळीला त्यांची काडीची गरज नाही, फळ परागाशिवायच धरतं. तरी फूल आपलं मध गाळतंच. पाहुणा येवो न येवो, पान वाढलेलं.

पूर्वी कंद लावायचे, तेव्हा बाग मागंपुढं निसवायची. एका खोडाला कमळ, तर शेजारच्याचा घड उतरायला आलेला. टिश्यू कल्चरची रोपं आली आणि दीड वर्षाचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आलं. हजारो झाडं एका वयाची, एका उंचीची. फोटोला हे वाईटच. कुठूनही काढा, तीच चौकट. मामांना मात्र हीच बरोबरी हवी असते. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही, माझं शिक्षण त्याच पैशांतून झालं.

मामाही फोटो काढतात, माझ्यापेक्षा जास्तच. त्यांच्या मोबाइलमध्ये घडच घड. जाडी कळावी म्हणून केळ्याशेजारी धरलेलं बोट, व्यापाऱ्याला पाठवायला. मधेच मे-जूनच्या वादळात आडवी झालेली बाग, पंचनाम्यासाठी, चार बाजूंनी. भाव ठरवायला फोटो, नाहीतर नुकसान सिद्ध करायला. फुलाचा एकही नाही.

बुऱ्हाणपुरात उतावळीच्या काठी शाहनवाज खानाचा मकबरा आहे. अब्दुर्रहीम खानखानाचा हा मुलगा 1619 मध्ये गेला. बाहेरून काळपट दगड, म्हणून लोक त्याला काळा ताजमहाल म्हणतात. आत मान वर केली की रंगवलेली फुलंच फुलं. त्या चिताऱ्याला कुणालाही भाव सांगायचा नव्हता. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाच्या मास्तरांनी कळ्या, देठ, कोंब कित्येक पट मोठे करून टिपले, 1928 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यातल्या कोंबाकडे पाहताना लोखंडी जाळीचं नक्षीकाम आठवतं. आमच्या कमळाला असा कुणी मास्तर भेटलेला नाही.

शेवटची फणी उघडली की कमळ मोडायचं, नाहीतर ते घडाचं खाणं ओढतं. कोकणात याची भाजी चवीनं खातात. आमच्याकडे ते बांधावर जातं. मामांनी हात घातला तेव्हा मी "थांबा, थांबा" म्हणत खाली बसलो. कट्‌ आवाज आला, चीक थेट माझ्या सदऱ्यावर. तो डाग आता सदऱ्याबरोबरच जाणार.

फोटोत कमळ हवेत आहे, थोडं हललेलं. वर मामांचा हात, मोडलेल्या देठाला लोंबणारा पांढुरका थेंब. मामांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"चांगलाय," म्हणाले, "पण घड अर्धाच आलाय रे."