वाचकाला आळशी म्हणू नका

दुव्यादुव्यांनी जोडलेली, कुठूनही कुठेही वाचत जावी अशी प्रायोगिक कथा आली की वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, लेखकाने आपल्याला मोकळे सोडले. दुसरा म्हणतो, वाऱ्यावर सोडले. या दुसऱ्या तटाला आळशी, जुन्या वळणाचे ठरवून हात झटकण्याची जी रीत पडली आहे, तिला माझा ठाम विरोध आहे.

मायकेल जॉईस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ ही या प्रकारातली सुरुवातीची कथा, १९८७ सालची. संगणकाच्या पडद्यावरचे ५३९ तुकडे, आणि कोणत्या शब्दावर टिचकी मारली तर पुढे काय उघडेल याचा पत्ता नाही. अभ्यासकांनी ती डोक्यावर घेतली, सामान्य वाचक मात्र तिच्या वाटेला फारसा गेला नाही. याउलट हुलिओ कोर्तासारची ‘रायुएला’ पाहा. १९६३ ची, म्हणजे आपल्या ‘कोसला’च्याच वर्षाची. तिच्यात १५५ प्रकरणे. छप्पन्नाव्यावर थांबा, नाहीतर लेखकाने दिलेल्या तक्त्याप्रमाणे उड्या मारत जा. ती आजही आवडीने वाचली जाते. उड्या तर दोन्हीकडे आहेत. मग घोडे अडते कुठे? माझ्या मते तुकड्यात. जिथे उतरलो तिथे हाताला काही लागले, तर वाचक पुढची उडी आपण होऊन मारतो.

याचा दाखला आमच्या वऱ्हाडातच आहे. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले-ऐकले, त्यांच्याकडे जाऊन, विचारून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यातल्या कित्येक लीळा चार-सहा ओळींच्या. कोणतेही पान उघडा, एक प्रसंग पुरा होतो. माणूस बोलतो, स्वामी उत्तर देतात, संपले. कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची गोष्ट तिथेच आहे, आणि ती कळायला मागचे-पुढचे काही लागत नाही. शिवाय एकाच प्रसंगाची दोघांची आठवण वेगळी पडली, तर तो पाठभेदही नोंदवून ठेवलेला. वाचकाला अनेक वाटा देण्याची कल्पना मराठीला परकी नाही, आणि गावखेड्यातला वाचक तिला बुजतो हेही खरे नाही. माझ्यासारख्यांची तक्रार एवढीच की नव्या प्रयोगांत पुष्कळदा दुवा चमकतो आणि त्यामागचा मजकूर पोकळ निघतो. अशा वेळी मोबाइल खाली ठेवणारा वाचक चुकत नाही.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. त्याने ‘लीळाचरित्र’ मोबाइलवर वाचता येईल असे दुव्यांनी बांधून द्यावे: लीळेवरून माणसाकडे, माणसावरून गावाकडे, एका पाठावरून दुसऱ्या पाठाकडे. प्रयोगशील लेखकांनी ते वापरून पाहावे, आणि मग आमच्या वाचनाबद्दल बोलावे.

– एक वाचक, अनसिंग (जि. वाशीम)